गुपित एका घरात, तेढ दोन घरांत

संपादक महोदय,

दोन सख्ख्या घरांत अबोला येतो, तेव्हा मूळ गोष्टीपेक्षा ती तिसऱ्याकडून कळल्याचा सल बहुधा मोठा असतो. दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढले जाते. मरे बोवेन या मानसोपचारतज्ज्ञांनी याला ‘त्रिकोण’ म्हटले. ‘तुलाच सांगते, तिकडे बोलू नकोस’ या वाक्याने तो तयार होतो आणि ऐकणारा दोन्ही घरी चोर ठरतो. त्याने तिथल्या तिथे म्हणावे, ‘हे तुम्हीच त्यांना सांगा, हवे तर मी सोबत बसतो.’

कुणाचे जुने प्रेम खासगी राहिले तर काही बिघडत नाही. आनुवंशिक आजार लपवणे मात्र अक्षम्य आहे. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या हंटिंग्टनच्या आजारात आईवडिलांपैकी एकात सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणजे भावाचे निदान बहिणीच्या घरालाही कळायलाच हवे. समारंभात किंवा वाटणीच्या बैठकीत हा विषय काढू नये. ज्याचा संबंध आहे त्याला आधी, समोरासमोर आणि पूर्ण सांगावे. अर्धे राखून ठेवले, की सांगितलेल्या अर्ध्यावरचाही विश्वास उडतो.

– एक वाचक