ग्वांगझूला दोन मुक्काम: आई-बाबांना पत्र

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

हाँगकाँगहून ग्वांगझूला, म्हणजे दक्षिण चीनमधल्या जुन्या कँटन शहराला, जायची तिकिटं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली काढली आहेत. ऑक्टोबर मुद्दाम टाळला. 15 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर तिथे कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन असतं, जगभरचे व्यापारी उतरतात आणि हॉटेलांचे दर चढतात. मार्च-एप्रिलही नको होता. त्या दिवसांत समुद्रावरून येणारी उबदार दमट हवा गारठलेल्या भिंती-फरशांना लागते आणि लाद्यांना अक्षरशः पाणी सुटतं. बाबांच्या गुडघ्याला ती निसरड परवडणारी नाही.

तुम्ही दोघंच जाणार आहात, म्हणून एक आग्रह धरते. सकाळ गाठा, दुपारी खोलीवर पडा आणि शहराचा जुना पश्चिम भाग, लीवान, तेवढाच बघा. सगळं शहर उरकायला निघालात तर मेट्रोचे जिने आणि रांगाच लक्षात राहतील.

पैशांचं पुण्यातच उरकून घ्या. बाबा, फोनवर अलीपे हे पैसे भरायचं चिनी ॲप उतरवा, त्यात पासपोर्टची माहिती भरा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. त्याआधी बँकेकडून कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, बहुतेकांचं काम तिथेच अडतं. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, त्यामुळे ते सिम फोनमध्येच राहू द्या. 200 युआनपर्यंतच्या बिलाला जादा आकार नाही, त्यावर गेलं की 3 टक्के लागतात. थोडी रोकड जवळ असू द्या, पण दहा-वीसच्या नोटा. शंभराची सुटी करायला छोट्या दुकानात कटकट होते.

रोमिंग घ्याच. तिथे गूगल आणि व्हॉट्सॲप बंद असतं, पण रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो, म्हणून ते चालतं. हॉटेलच्या वायफायवर गेलात की गप्प. माझा मेसेज आला नाही तर घाबरू नका, आधी वायफाय बंद करा.

हाँगकाँगमधल्या वेस्ट कौलून रेल्वे स्टेशनवर हाँगकाँग आणि चीन दोघांचंही इमिग्रेशन एकाच इमारतीत आहे, तेव्हा गाडीच्या तासभर तरी आधी पोहोचा. पुढचा प्रवास साधारण तासाभराचा. आई, सामानात सफरचंद-केळी, पेढे, तूप नको. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ चीनमध्ये नेता येत नाहीत. फळं कापायची सुरीही घरीच ठेव, आणि गुडघ्याचा स्प्रे न घेता जेलची ट्यूब घे. तपासणीत स्प्रेचे डबे अडकतात.

तुम्ही उतराल ते स्टेशन ग्वांगझू साउथ. ग्वांगझू नावाची स्टेशनं बरीच आहेत, त्यामुळे परतीच्या टॅक्सीवाल्याला तिकिटावरचं चिनी नावच दाखवा. साउथपासून मेट्रोची 2 नंबरची लाइन सुरू होते, म्हणून बसायला जागा मिळते. हायझू स्क्वेअरला उतरून 6 नंबरने ह्वांगशा गाठायचं. मेट्रोतही प्रत्येक पिशवी स्कॅनरमधून जाते. 3 नंबरची लाइन मात्र सकाळ-संध्याकाळ टाळा, ती गर्दी आपल्या लोकलची आठवण करून देईल.

ह्वांगशाला उतरलात की शामियान बेट अगदी जवळ. वडाची जुनी झाडं, बाकडी, सपाट रस्ते, गाड्या तुरळक. 1861 पासून हे इंग्रज-फ्रेंचांच्या ताब्यात होतं. बेटाच्या पूर्वेला, कल्चरल पार्क स्टेशनच्या आसपास, त्याआधी परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा वखारी होत्या. त्या 1856 साली जळाल्या. मुंबईचे पारशी व्यापारी तिथेच उतरत. बाबा, ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं ते जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी व्यापारासाठी इथे येत. कापूस होताच, पण मोठा पैसा अफूचा होता, आणि त्या अफूने इथल्या लोकांचं काय झालं हे या नदीकाठी विसरू नये असं मला फार वाटतं. बेटाच्या उत्तरेला रस्त्यापलीकडे छिंगपिंग बाजार आहे. वाळवलेले समुद्रघोडे, विंचू, सुकी मासळी... आई, तू तिकडे जाऊ नकोस, वासानेच मळमळेल.

आता सकाळचा चहा. ग्वांगझूची खरी श्रीमंती तीच. सातच्या सुमाराला चहाघरात जा. आजी-आजोबा पेपर घेऊन तासन् तास बसलेले दिसतील, त्यामुळे तुम्हाला कोणी उठवणार नाही. चहाचे पैसे माणशी लागतात. पहिला गरम चहा प्यायचा नसतो, त्याने वाट्या आणि चॉपस्टिक विसळून पाणी मधल्या मोठ्या भांड्यात ओततात. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर पाणी भरून जातो. कोणी चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, ते आभार.

शाकाहाराचं सांभाळून. मुळ्याचा केक पांढऱ्या ढोकळ्यासारखा दिसतो, पण त्यात सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, ओततात. गोड पावातही डुकराची चरबी असू शकते, आणि साय धरलेल्या दुधाच्या पुडिंगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. बिनसारणाचे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले रोल मागा, वर फक्त सोया सॉस. शिंगाड्यासारख्या कंदाच्या पिठाची पारदर्शक वडी आणि आल्याच्या पाकातलं मऊ टोफू आईला नक्की आवडेल. 'मांस, मासे, अंडं, चरबी, ऑयस्टर सॉस नको' अशी चिनी चिठ्ठी तुमच्या पासपोर्टच्या पाकिटात घालते आहे. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर रस्सा कोंबडीचाच निघतो.

दुसऱ्या सकाळी चेन कुळाची वास्तू, म्हणजे त्या घराण्याच्या पूर्वजांचं स्मृतिमंदिर, बघा. 1894 साली पूर्ण झाली, 19 इमारती, आणि त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आत शिरायच्या आधी बाहेरच्या करड्या विटांवरचं कोरीवकाम जवळून बघा. मग छपराच्या कण्यावर उभी असलेली रंगीत मातीची माणसं. दगडी कठड्यांत ओतीव लोखंडाचे नक्षीदार तुकडे बसवलेत, ते लोकांच्या नजरेतून सुटतात. उंबरे उंच आहेत, बाबा, पाय उचलून टाका. तिथून उत्साह असला तर ह्वालिन मंदिर, भारतातून आलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूशी जोडलेलं.

600 मीटर उंचीचा कँटन टॉवर लांबूनच पुरे. वर जायच्या रांगेत गुडघ्याचे हाल करू नका, रात्री नदीकाठावरून तो जास्त छान दिसतो.

फुटपाथवर विजेच्या स्कूटर आवाज न करता मागून येतात. वळताना आधी मागे बघा. टिश्यू पेपर कायम खिशात हवा, सार्वजनिक संडास बहुधा भारतीय पद्धतीचे आणि बिनकागदाचे. पिण्याचं गरम पाणी स्टेशनवर फुकट मिळतं, थर्मास घ्या. चीनचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे, तेव्हा हाँगकाँगला परतल्यावर पुन्हा पलीकडे जायचा बेत करू नका. आणि हाँगकाँगच्या प्रवेशासाठी केलेली ऑनलाइन नोंदणी छापून दोघांनीही आपापल्या पासपोर्टात ठेवा, परतताना तीच लागेल.

बाकी भेटीत.

तुमची,
मनू