दोन वर्षांची मुदत डिस्चार्ज कार्डावर छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैसे देऊन घेतलेल्या वैद्यकीय सेवेत हलगर्जीपणा झाला तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण ती कधीपर्यंत मागायची, हे इंदूरात उपचारासाठी खंडवा, बऱ्हाणपूर, धार येथून येणाऱ्या कुटुंबांना सहसा कोणी सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे ही मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास आयोग उशीर माफ करू शकतो, मात्र त्यावर विसंबून राहण्यात शहाणपणा नाही.

ही दोन वर्षे बघता बघता सरतात. आधी दुखणे निस्तरायचे, मग रुग्णालयाच्या "डॉक्टरसाहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात या" अशा उत्तरांवर हेलपाटे घालायचे, आणि शेवटी वकिलाची नोटीस पाठवून निश्चिंत व्हायचे. नोटिशीने मुदत थांबते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

चूक उशिरा उघडकीस आली तर काय, हा प्रश्न अधिक बिकट आहे. 1993 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका परिचारिकेच्या पोटात गॉज राहिल्याचे 2002 मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत आढळले आणि तिने 2004 मध्ये तक्रार केली. इजा लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून मुदत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मांडले. तरीही स्वतः वैद्यकीय क्षेत्रातली असून इतकी वर्षे दुखणे अंगावर काढले, म्हणून तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. परिचारिकेची ही गत, तर मजुराने काय करावे?

शिवाय 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे. नऊ वर्षांनी चूक कळली आणि मुदतही मिळाली, तरी पुरावा कुठून आणणार? याच आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. तेव्हा रुग्णाने घरी जातानाच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, हे बरे.

मध्य प्रदेशात खासगी रुग्णालयांची नोंदणी 1973 च्या राज्य कायद्याखाली होते. पुढच्या तपासणीची तारीख आणि ओपीडीची वेळ ज्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी छापलेली असते, तिथेच दोन वर्षांची मुदत आणि कागदपत्रे मागण्याचा हक्क या दोन ओळी हिंदीत छापण्याची अट आरोग्य विभागाने परवान्यात घालावी, आणि कागद जपण्याचा काळ किमान दहा वर्षे करावा, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर