बोल्टच्या बिलावर पिच आणि ग्रेड लिहिण्याचा आग्रह हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतींविषयी आपल्या दैनिकात भूखंड, वीजदर, रस्ते आणि कामगारांचे प्रश्न यांवर वेळोवेळी लिहिले जाते. सातपूर आणि अंबडच्या गाळ्यांत रोज शेकड्यांनी हाताळल्या जाणाऱ्या नट-बोल्टविषयी मात्र कोणी लिहीत नाही, कारण ती वस्तू स्वस्त आहे आणि स्वस्त वस्तूची निवड करावी लागते हेच मुळी आपल्याला पटत नाही. लहान वर्कशॉपचा मालक लेथवरच्या टूलची ग्रेड दहा वेळा विचारून घेतो आणि त्याच फेरीत ‘आठचा बोल्ट द्या, दीड इंची’ एवढेच सांगून पुडी खिशात टाकतो. या मागणीत जाडी मिलिमीटरमध्ये आहे, लांबी इंचात आहे, आणि आट्यांचे पिच (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर), पोलादाची ग्रेड (ताकदीचा दर्जा) व डोक्याचा प्रकार या तिन्ही गोष्टी दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत. खरेदीची ही पद्धत बदलावी आणि तिची सुरुवात दुकानाच्या बिलापासून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी आट्यांविषयी. वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाजारातून शेर, मण आणि गज गेले. हार्डवेअरच्या गल्ल्यावरून सूत काही गेले नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, या हिशेबाने पाव इंची बोल्ट दोन सुती, तीन अष्टमांश इंची तीन सुती आणि अर्धा इंची चार सुती. गोंधळ सर्वांत जास्त होतो तो अडीच सुतीत. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मिलिमीटर, तर मेट्रिक मापाच्या एम ८ बोल्टची जाडी ८ मिलिमीटर. दोन्ही एकाच खोक्यात पडले की डोळ्यांना फरक कळत नाही, आणि वापरून थोडे झिजलेले असतील तर व्हर्नियरही नीट कौल देत नाही. परंतु अडीच सुती बोल्टला इंचात १८ आटे असतात, म्हणजे पिच १.४१ मिलिमीटर पडते. एम ८ चे नेहमीचे पिच १.२५ मिलिमीटर आहे. त्यातून जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेला आटा ५५ अंशांचा आणि मेट्रिक आटा ६० अंशांचा. परिणामी एकावर दुसऱ्याचा नट हाताने दोन फेरे खुशाल चढतो आणि तिसऱ्या फेऱ्याला घट्ट होतो. हेल्परला वाटते, बसला. पाना लावून तो आणखी पाऊण फेरा दाबतो. त्या पाऊण फेऱ्यात जोड आवळला जात नाही, केवळ आटे चिरडले जातात, आणि असा नट पुढे धक्का बसला की आट्यांसकट सुटून येतो.

याची परीक्षा करायला पिच गेज असावा हे उत्तम. नसेल तर स्टीलची पट्टी पुरते. बोल्टच्या आट्यांवर पट्टी आडवी धरून एका शिखरापासून दहा आटे मोजावेत. साडेबारा मिलिमीटर भरले तर एम ८, चौदाच्या किंचित पुढे गेले तर अडीच सुती, आणि बरोबर दहा भरले तर एम ८ चा बारीक आटा, जो गाड्यांच्या आणि काही मशीनच्या भागांत सापडतो. चार सुतीत आणखी एक गोम आहे. व्हिटवर्थच्या अर्धा इंची बोल्टला इंचात १२ आटे, तर अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला १३. जुने आयात केलेले मशीन दुरुस्तीला आले की ‘इंचीच आहे ना’ एवढ्यावर समाधान मानणे महागात पडते ते यामुळे. नवीन काम असेल तर कोणताही वाद न घालता मेट्रिक जाड आटा धरावा आणि इंची माल केवळ जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी, वेगळ्या डब्यात ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रेडचे आकडे तर बोल्टच्या डोक्यावरच ठोकलेले असतात, तरी ते वाचले जात नाहीत. ८.८ या खुणेतील पहिल्या आठाला शंभराने गुणले की पोलाद तुटण्याचा ताण मिळतो, ८०० मेगापास्कल. दशांशानंतरचा आठ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, बोल्ट कायमचा लांबू लागतो. याच हिशेबाने ४.६, १०.९ आणि १२.९ वाचता येतात. एम ८ बोल्टच्या आट्यांतील उपयोगी क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर धरले जाते, म्हणून ४.६ ग्रेडचा बोल्ट सरळ ओढीत साधारण दीड टनाला तुटेल आणि ८.८ चा जवळपास तीन टनांना. दिसायला दोन्ही सारखे, वजनाला सारखे, आणि किलोवर घेतले तर एकाच पिशवीत. भारतीय मानक आयएस १३६७ नुसार एम ५ आणि त्याहून मोठ्या षट्कोनी तसेच अ‍ॅलन (डोक्यात सहाकोनी खाच असलेल्या) बोल्टच्या डोक्यावर ग्रेड आणि उत्पादकाची खूण असायला हवी. डोके कोरे असेल तर तो बोल्ट एच.टी. (हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा) आहे ही दुकानदाराची तोंडी ग्वाही मानू नये; अशा मालाचा उपयोग फार तर पत्र्याचे झाकण किंवा पाटी बसवण्यापुरता करावा.

मात्र ग्रेड वाढवत नेणे हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे, आणि इथेच आपल्या जिल्ह्यातला एक नेहमीचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर चालणारे फवारणीचे ब्लोअर असतात. त्यांच्या पंपाचे किंवा पंख्याच्या चौकटीचे बोल्ट हंगामात तुटतात आणि शेतकरी तुटका तुकडा घेऊन वर्कशॉपमध्ये येतो. ‘बोल्ट कच्चा निघाला, याच्यापेक्षा पक्का द्या,’ ही त्याची मागणी असते. तो तुकडा उजेडात धरून तुटलेली बाजू पाहावी. बहुतेक वेळा ती दोन भागांत दिसते: एका कडेपासून सुरू झालेला गुळगुळीत, बारीक वक्र रेषांचा पट्टा आणि उरलेल्या भागात खरखरीत, दाणेदार तोडलेला भाग. गुळगुळीत भाग सांगतो की भेग पुष्कळ दिवस थोडी थोडी सरकत होती; खरखरीत भाग शेवटच्या एका झटक्याचा. पोलाद कच्चे असल्याची ही खूण नाही, तर बोल्ट सैल पडून प्रत्येक थरथरीला वाकत होता याची आहे. नीट आवळलेला बोल्ट दोन्ही भाग इतक्या जोराने दाबून धरतो की कंपनाचा फारच थोडा हिस्सा त्याच्यापर्यंत पोहोचतो. अशा जागी १२.९ चा बोल्ट घालून तो पुन्हा अंदाजाने आवळला, तर तोही काही दिवसांनी तसाच तुटतो, फक्त बिल मोठे होते.

आवळण्याचा अंदाजही म्हणून सांगतो. ८.८ ग्रेडच्या एम ८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम ६ ला १० आणि एम १० ला ४९ च्या आसपास टॉर्क (पिळण्याचा जोर) धरतात. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर एम ८ साठी सुमारे तेरा किलोंचा जोर पुरतो. तोच पाना आणि तोच दणकट हात एम ६ वर चालवला की बोल्ट लांबतो आणि हाताला तो ‘अजून बसतोय’ असे वाटत राहते. लहान वर्कशॉपला हा जोर मोजणारा टॉर्क पाना परवडत नाही ही तक्रार आता फारशी खरी राहिलेली नाही. आट्यांना तेल किंवा ग्रीस असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

सैल पडू नये म्हणून आपण डोळे झाकून स्प्रिंग वायसर घालतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की जोडाचे दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरतो. आणि पुरेशा जोराने आवळलेल्या बोल्टखाली स्प्रिंग वायसर सपाट दाबला जाऊन साध्या वायसरसारखाच उरतो. जिथे कंपन आहे तिथे नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला), दोन नट एकमेकांवर आवळण्याची चेक नटची जुनी पद्धत किंवा आट्यांना लावायचे लॉकिंग द्रव, यांपैकी काहीतरी वापरावे. नायलॉकमधील नायलॉन १२० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही, त्यामुळे सायलेन्सरजवळ तो निरुपयोगी. काढलेला नायलॉक हाताने मोकळा फिरू लागला की फेकून द्यावा.

ब्लोअरचाच विषय निघाला आहे तर गंजाचेही सांगावे लागेल. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण नीट जमले की नाही हे पाहायला बागाईतदार त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजतात. जे खिळ्याला होते तेच फवारणीच्या यंत्रावरील बोल्टलाही होते, आणि झिंक प्लेटिंगचा पातळ थर अशा ठिकाणी फार काळ तग धरत नाही. इथे स्टेनलेसचा बोल्ट योग्य, पण त्यातही ‘एस.एस. द्या’ एवढे म्हणून भागत नाही. डोक्यावर ए२-७० असेल तर ते ३०४ क्रमांकाच्या जातीचे पोलाद आणि ताकद ७०० मेगापास्कल, म्हणजे ८.८ पेक्षा कमी. बाजारात २०२ चा स्वस्त मालही स्टेनलेस म्हणूनच मिळतो आणि तो लवकर डागाळतो. लोहचुंबक लावून पाहण्याची सर्वांची आवडती परीक्षा इथे काही कामाची नाही, कारण ३०४ आणि २०२ दोन्हींना चुंबक जवळपास धरत नाही. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि भराभर फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात व बोल्ट कापूनच काढावा लागतो; म्हणून आट्यांना अँटीसीझ पेस्ट लावून हाती, सावकाश फिरवावा. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे १२.९ च्या अ‍ॅलन बोल्टला गंजू नये म्हणून गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडून झिंक करून घेणे. प्लेटिंगच्या टाकीत तयार होणारा हायड्रोजन इतक्या कठीण पोलादात शिरतो, आणि नंतर बोल्ट भट्टीत पुरेसा वेळ भाजला नाही तर तो आवळून ठेवलेल्या स्थितीत, कोणी हात न लावता, काही तासांनी किंवा दिवसांनी तुटू शकतो.

डोक्याच्या प्रकाराविषयी थोडक्यात. पृष्ठभाग सपाट हवा असेल तेव्हा सीएसके (काउंटरसंक, भोकात बुडणाऱ्या डोक्याचा) स्क्रू, पण मेट्रिक स्क्रूसाठी भोकाचे खोलगट तोंड ९० अंशांचे लागते. सीएसके आणि गोल बटण डोक्याच्या अ‍ॅलन बोल्टवर १२.९ लिहिलेले असले तरी डोक्यात धातू कमी असल्याने ते उभ्या डोक्याच्या अ‍ॅलन बोल्टइतके ओझे घेत नाहीत. काम पकडून ठेवणाऱ्या जिग-फिक्श्चरमध्ये जागा पक्की करण्याचे काम डॉवेल पिनचे (नेमक्या मापाच्या खुंटीचे) आहे, बोल्टने फक्त दाबून धरावे. आणि आडव्या ओढीच्या जागी फुल थ्रेड बोल्ट घालून जोडाच्या सांध्यातच आटे येऊ देऊ नयेत; तिथे दांडीचा सपाट भाग येईल असा हाफ थ्रेड बोल्ट मागून घ्यावा.

आता मागणी. भद्रकाली, रविवार कारंजा, सातपूर आणि अंबड परिसरातील हार्डवेअर व्यापाऱ्यांनी बिलावर ‘बोल्ट, अमुक किलो’ असे न लिहिता ‘एम ८, पिच १.२५, लांबी ४०, ग्रेड ८.८, झिंक’ असे पूर्ण लिहावे. यात एका ओळीच्या शाईपलीकडे खर्च नाही, आणि उद्या माल खोटा निघाला तर ग्राहकाच्या हातात काहीतरी राहते. इंची आणि मेट्रिक नट एका खोक्यात ठेवणे तर आजच बंद करता येईल. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना आटे पाडायला उत्तम शिकवतात; त्याच मुलांना दुकानात जाऊन माल मागण्याची आणि डोक्यावरची खूण वाचण्याची सवयही लावावी. सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि तात्पुरते मांडव, कठडे, पायऱ्या यांची कामे जिल्ह्यातील लहान फॅब्रिकेटरांकडे येणारच आहेत. ज्या कठड्याला माणसांची गर्दी रेटणार आहे त्याचे बोल्ट कोऱ्या डोक्याचे नसावेत, हे काम देणाऱ्या यंत्रणेने निविदेतच लिहून टाकावे.

आपल्या दैनिकाने उद्योगविषयक पानावर आट्यांची एक लहान चौकट छापल्यास अनेक गाळ्यांच्या भिंतींवर ती चिकटवली जाईल. तीत टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) आटे पाडण्यापूर्वीच्या भोकाचे ड्रिल अवश्य द्यावे: एम ५ साठी ४.२, एम ६ साठी ५, एम ८ साठी ६.८, एम १० साठी ८.५ आणि एम १२ साठी १०.२ मिलिमीटर. भोकातील आट्यांची खोली पोलादात बोल्टच्या जाडीइतकी, बिडात सव्वा ते दीडपट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट असावी, हीही ओळ त्याखाली यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कामगार
सिडको, नाशिक