न्यूट्रिनो प्रयोगशाळेचे नेमके काय ठरले?

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनमधील ‘जूनो’ हा न्यूट्रिनो शोधक सुरू झाला. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, अतिशय हलका आणि पदार्थातून सहज आरपार जाणारा कण. जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर २० हजार टन द्रव भरलेला प्रचंड गोळा ५३ किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांतून येणारे प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोंचे प्रतिकण (उलट गुणधर्मांचे जोडीदार कण), टिपतो. न्यूट्रिनोंची वस्तुमाने तीन. त्यातले तिसरे बाकी दोघांपेक्षा जड की हलके, याचे उत्तर त्यातून मिळवायचे आहे. याच प्रश्नासाठी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा उभी राहायची होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे १,५०० कोटी. तिथे प्रयोगशाळा अजून झालेली नाही.

मी ऐरोलीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. या विषयात आपण मुळात मागे नव्हतो, हे मुलांना सांगताना फार वाईट वाटते. वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा टिपले गेले ते १९६५ साली: एक प्रयोग दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत, दुसरा आपल्या कोलारच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल. कोलारच्या चमूत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. हेच वातावरणीय न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे, हे १९९८ मध्ये जपानने दाखवले आणि २०१५ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा होता. कोलारची खाण मात्र २००१ मध्येच बंद पडली.

आता जूनो सुरू झाला, मग आपला प्रयोग कशाला, असे काही जण विचारतात. मला ते पटत नाही. आपल्या आराखड्यात ५० हजार टन चुंबकित लोखंड आहे. न्यूट्रिनोपासून ऋण भाराचा म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) निघतो, प्रतिन्यूट्रिनोपासून धन भाराचा. चुंबकक्षेत्रात दोघे विरुद्ध दिशांना वळतात, म्हणून दोन्ही वेगळे ओळखता येतात. पृथ्वीच्या पोटातून येताना दोघांवर होणारा परिणाम सारखा नसतो आणि वस्तुमानांचा क्रम त्या फरकात दिसतो. अणुभट्टीवरच्या प्रयोगापेक्षा ही वाट स्वतंत्र आहे. इतक्या मूलभूत गोष्टीचा निकाल एकाच पद्धतीवर सोडू नये.

थेनीतल्या लोकांचा वेधशाळेला झालेला विरोध मात्र अडाणीपणा म्हणून झटकणे मला मान्य नाही. न्यूट्रिनोंची भीती निराधार आहे. सूर्याकडून येणारे अब्जावधी दर सेकंदाला आपल्यातून आरपार जातातच. पण सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, सुरुंग, पाण्याचे झरे, वाघांचा वावर हे प्रश्न खरे आहेत. संजय गांधी उद्यानाखालून ठाणे-बोरिवली बोगदा होत असताना आपणही हेच विचारतो. अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचा मारा अडवायला वर किलोमीटरभर खडक लागतो, त्यामुळे डोंगर टाळता येत नाही. तो कोणता, याची चर्चा मात्र आधी गावकऱ्यांशी व्हायला हवी होती. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोध नोंदवला, त्यालाही आता काही वर्षे झाली.

दरम्यान प्रश्न वाढतच आहेत. विश्वात प्रतिद्रव्य, म्हणजे प्रतिकणांचे बनलेले द्रव्य, जवळजवळ का उरले नाही? न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे का? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिसिलीजवळ भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेल्या शोधकाने आजवरच्या सर्वाधिक ऊर्जेचा न्यूट्रिनो टिपला. तो कुठून आला, ते अजून कळलेले नाही.

मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात ऑलिम्पियाडच्या शिबिरांना जाणाऱ्या हुशार मुलांना न्यूट्रिनोवर काम करायचे तर परदेशी प्रयोगांकडेच बोट दाखवावे लागते. केंद्र सरकारने एकदा स्पष्ट सांगावे: वेधशाळा थेनीतच होणार, दुसऱ्या डोंगरात होणार की रद्द झाली? रद्द झाली असेल, तर त्यासाठी तयार झालेल्या माणसांचे आणि उपकरणांचे पुढे काय? हा प्रश्न आपल्या वृत्तपत्राने दिल्लीत लावून धरावा, ही विनंती.

– एक शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई