जिन्यातल्या दिव्याबद्दल आभार, ताई

प्रिय ताई,

आपली ओळख जिन्यापुरती. तुम्ही वरच्या मजल्यावर, मी खाली. एकदा चढता चढता मी सहज विचारलं, 'हे डीप लर्निंग म्हणजे नेमकं काय हो? पण गणित नको, आणि प्रोग्रॅमिंग तर मुळीच नको.' तुम्ही हसण्यावारी न्याल असं वाटलं होतं. रविवारी चौकटींचा कागद घेऊन दारात उभ्या राहिलात! पुढचे चार रविवार मला दिलेत. समोरासमोर आभार मानायला मला जमत नाही, आणि माझ्यासारखं बिचकणारं आणखी कुणी असेल तर त्यांनीही वाचावं, म्हणून हे उघडं पत्र.

कागदावर २८ ओळी, प्रत्येकीत २८ चौकटी, एकूण ७८४. हस्ताक्षरातले अंक ओळखायला शिकवणारा 'एमनिस्ट' हा प्रसिद्ध चित्रसंग्रह याच मापाचा, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आधी मला आपले २ आणि ३ काढायला लावलेत आणि प्रत्येक चौकटीला एकेक मत दिलंत. कोपऱ्यातल्या चौकटी कायम कोऱ्या, त्यांना कोण विचारतो? ३ चं दुसरं पोट जिथे येतं, तिथल्या चौकटींच्या मताला मात्र वजन. ही वजनं यंत्राला, म्हणजे अंक ओळखायला शिकणाऱ्या संगणकाला, कुणी सांगत नाही, सुरुवातीला ती वाट्टेल तशी असतात. मग मी यंत्र झाले आणि तुम्ही उत्तरं तपासणाऱ्या. चुकले की चुकीच्या बाजूला ओढणाऱ्या मतांचं वजन थोडं उतरवायचं. मी एकदा वैतागून एकदम बरंच उतरवलं, तर आधी बरोबर येणाऱ्या तीन चिठ्ठ्या (एकेका चिठ्ठीवर एकेक अंक) बिघडल्या. 'थोडं थोडं' हे तुमचं पालुपद तेव्हा कळलं.

पण खरी गंमत जिन्यातल्या दिव्याची. दिवा एक, बटणं दोन, वर आणि खाली. कुठलंही दाबा, दिवा बदलतो. तुम्ही विचारलंत, 'वरचं बटण कसं आहे एवढ्यावरून दिवा लागलाय का सांगाल?' नाही. खालच्या बटणावरूनही नाही. दोघांच्या मतांना हवं ते वजन देऊन बेरीज करा, उत्तर येतच नाही. मी अर्धा तास झगडले. तुम्ही झगडू दिलंत, याचे वेगळे आभार. मग मध्ये दोन निरोपे बसवलेत. एक बघणार, निदान एक बटण दाबलंय का. दुसरा बघणार, दोन्ही दाबलीत का. पहिला 'हो' आणि दुसरा 'नाही' म्हणाला तर दिवा लागलेला! मधला थर आला आणि कोडं सुटलं. 'डीप' म्हणजे असे एकावर एक थर. मला ते उगाच काहीतरी गहन वाटायचं.

फ्रँक रोझेनब्लॅट यांचं पर्सेप्ट्रॉन, म्हणजे असंच मतांना वजन देऊन बेरीज करणारं यंत्र, १९५८ सालचं. एकाच थराच्या अशा यंत्राला हे दिव्याचं कोडं सुटत नाही, हे मिन्स्की आणि पॅपर्ट या संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे त्या रविवारी मी चांगल्या संगतीत अडकले होते.

राहिला प्रश्न निरोप्यांचा. चूक कळते शेवटी. मग मधल्या कुणाच्या पदरात किती दोष घालायचा? शेवटाकडून मागे येत येत प्रत्येकाचा वाटा ठरवायचा. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने ही रीत सर्वांसमोर आणली. इथे तुम्ही थांबलात आणि म्हणालात, 'इथे गणित आहे. मी ते दाराआड ठेवतेय, ते नाहीच असं समजू नका.' सोपं करून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण काय वगळलंय ते सांगणारं कुणी क्वचितच.

पाठांतराची फजिती फार लिहीत नाही. वीस चिठ्ठ्या मी अगदी बिनचूक ओळखल्या, पण तुम्ही लपवलेल्या पाच काढल्यात तेव्हा त्यातल्या तीन चुकल्या. शिकवायच्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि परीक्षेच्या वेगळ्या का, ते पुन्हा विचारावं लागलं नाही. एमनिस्टमध्येही ६०,००० चित्रं शिकवायला आणि १०,००० परीक्षेला अशी वाटणी आहे.

कागद अजून माझ्याकडेच आहे. त्यातला एक २, ज्याचं शेपूट जरा फुगलंय, मला आजही ३ वाटतो. तुम्ही त्याच्यामागे २ लिहिलंय. पुढच्या रविवारी यावर भांडायचंय, वेळ ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची