चिंचोके तेवढेच होते

महोदय,

माझा नातू साडेचार वर्षांचा. आमच्या भागातल्या एका प्री-स्कूलमध्ये जातो. गेल्या महिन्यात त्याच्या प्रगतिपत्रकात शेरा आला : 'संख्येची जाण कमी. जादा वर्ग लावावा.' बाईंना विचारलं तर म्हणाल्या, बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, एक लांब पसरवली, तर हा म्हणतो लांब ओळीत जास्त बटणं.

ही चाचणी ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाची. पण त्यांच्याच मांडणीत साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलं अशीच फसतात. म्हणजे आमचा गडी मागे नाही, अगदी वेळेवर आहे! शाळेने प्रयोग तेवढा उचलला, पुढचं पान उलटायचं राहिलं.

मी निवृत्त शिक्षिका, गप्प बसवेना. घरी चिंचोक्यांच्या पाच-पाचच्या दोन ओळी मांडल्या. एक मी पसरवली. "ही जास्त." दोन दिवसांनी पुन्हा मांडल्या, तेवढ्यात धाकटी रांगत आली आणि तिने एक ओळ विस्कटली (नशीब, तोंडात काही गेलं नाही). "आता कुठे जास्त?" माझ्याकडे बघत म्हणाला, "सारखेच आहेत ना आजी, हिने नुसते पसरवले."

घरच्या एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. पण स्कॉटलंडमधल्या मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी 1974 साली नेमकं हेच केलं होतं. ओळ एका 'खोडकर टेडी'ने विस्कटली, तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुलं कितीतरी वाढली. मोठं माणूस मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा आता वेगळं उत्तर हवंय असं मुलाला वाटतं, असा त्यांचा तर्क. त्यावरही पुढे हरकती आल्याच. मला मात्र तो पटतो, वर्गात नुसतं "नक्की का?" म्हटलं की हुशार पोरंही उत्तर फिरवायची.

1934 मध्ये वारलेले रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की तर म्हणत, मूल एकट्याने काय करतं एवढंच पाहू नका, जरा हात दिल्यावर कुठवर जातं तेही पाहा. प्रगतिपत्रकात त्याला रकानाच नाही.

जादा वर्ग आम्ही लावलेला नाही. शाळांनी शेरे खुशाल लिहावेत. शेजारी काय विचारलं, कसं विचारलं आणि किती वेळा विचारलं, तेही लिहावं.

– एक आजी, कोथरूड, पुणे