फोन अचानक बोलायला लागला तर रिसेट मारू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मोबाइलवर बरंच येतं, कॅमेरा, बॅटरी, चार्जिंग वगैरे, पण ज्यांना कमी दिसतं किंवा ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी फोनमध्ये आधीपासूनच काय दिलंय यावर काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून लिहितोय.

झालं असं की आईचा फोन एक दिवस आपोआप बोलायला लागला. बोट लावू तिथलं नाव वाचायचा, भोवती चौकट यायची पण ॲप काही उघडेना, लिस्ट सरकेना. आई म्हणाली कोणीतरी हॅक केलाय. भाच्याने तासभर खटपट करून शेवटी रिसेट मारला, फोटो गेले ते गेलेच. नंतर कळलं तो टॉकबॅक होता, म्हणजे कमी दिसणाऱ्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं अँड्रॉइड फोनमधलं फीचर, फोन घट्ट धरताना आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली असणार. बंद करायलाही तेच करायचं होतं, दोन्ही बटणं धरून तीन आकडे मोजायचे, बास! आणि तो चालू असताना एक टॅप म्हणजे नुसतं निवडणं, उघडायला दोनदा टॅप आणि सरकवायला दोन बोटं, एवढं घरात एकाला जरी माहीत असतं तरी फोटो वाचले असते.

पण गंमत म्हणजे आईला खरंच या सोयींची गरज आहे. फक्त त्या आत कुठेतरी गाडलेल्या असतात, म्हणजे अक्षर मोठं करायला आधी बारीक अक्षरांच्या मेनूत शिरा, चष्मा शोधायला चष्मा लागतो तसं. म्हणून शॉर्टकट एकदा कोणीतरी लावून द्यायला हवा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत (या सगळ्या सोयी तिथे असतात) जाऊन हवं ते फीचर उघडलं की बहुतेक तिथेच शॉर्टकटचा ऑप्शन असतो (कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे), त्यात आवाजाची दोन बटणं, स्क्रीनवर तरंगणारं बटण, असं काय काय निवडता येतं.

मी आईला आधी मॅग्निफिकेशन तीन टॅपवर लावून दिलं. भारी वाटलं, स्क्रीनवर पटापट तीनदा टॅप केलं की सगळं मोठं, दोन बोटांनी इकडेतिकडे सरकवायचं. पण मग साधा टॅपही जरा उशिरा लागायला लागला, कारण तिसरा टॅप येतोय का याची फोन वाट बघतो, आणि मेसेज टाइप करताना ती वैतागली. शेवटी तरंगणारं बटण ठेवलं, त्याचा आकार मोठा केला, आता एका टॅपात काम होतं. एकाच बटणावर तीन-चार फीचर टाकू नका हे आवर्जून सांगतो, मग दरवेळी मेनू उघडतो आणि त्यातून निवडत बसावं लागतं. जे रोज लागतं ते एकच ठेवा.

आयफोनवाल्यांना साइड बटण तीनदा दाबायचं असतं, जुन्या मॉडेलला होम बटण. काय चालू व्हावं ते ॲक्सेसिबिलिटीत अगदी खाली शॉर्टकट म्हणून असतं तिथे ठरवायचं. २०२० पासून बॅक टॅप पण आलंय, फोनच्या पाठीवर दोनदा किंवा तीनदा टकटक केलं की झालं, आयफोन ८ आणि पुढच्यांवर चालतं. बटण दाबायला बोटात जोर नसेल तर हे बरं, फक्त जाड कव्हर असेल तर आधी करून बघा.

आता एक तुमच्यासाठी. आई तुमचा ई-पेपर मोठा करून वाचते, पण डोळे दुखले की टॉकबॅक लावायला जाते आणि तो गप्प, कारण पान म्हणजे नुसता फोटो, त्यातलं अक्षर त्याला वाचताच येत नाही. बातमीवर टॅप केलं की खरा टेक्स्ट उघडेल एवढी सोय करता येते का बघा.

तुमचा एक वाचक